पुन्हा चाचणीला बसताना

वयाची पस्तिशी-चाळिशी ओलांडली की माणसाची परीक्षा देण्याची सवय मोडते. नोकरी, संसार, मुलांचे शिक्षण यांत तो इतरांच्या परीक्षांची काळजी वाहत असतो. स्वतः परीक्षार्थी म्हणून उभे राहण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येतो. असा एक प्रसंग म्हणजे मोटार चालवण्याची चाचणी. ही परीक्षा बंद खोलीत होत नाही. प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या मैदानावर, रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसांच्या देखत ती द्यावी लागते. चढावर गाडी बंद पडते, मागे घेताना चाक रेषेवर जाते, दुचाकीवरून पाय जमिनीला टेकतो आणि दोन-चार मिनिटांत निकाल लागतो. घरी परतताना अनेकांच्या मनात एकच विचार असतो : या वयात हे आपल्याला जमणार नाही.

हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. त्या दिवशी, त्या मैदानावर एक विशिष्ट गोष्ट जमली नाही, एवढेच चाचणीने सांगितलेले असते. ती गोष्ट नेमकी कोणती आणि ती घरी बसून, संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर शिकता येण्यासारखी आहे का, हे ओळखणे महत्त्वाचे असते. ऑनलाइन वाहनप्रशिक्षणाच्या जाहिराती आज सर्वत्र दिसतात. त्या शिक्षणाचा उपयोग कोठवर होतो आणि कोठे थांबतो, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम १९८८ साली संमत झाला आणि १ जुलै १९८९ पासून अमलात आला. केंद्रीय मोटार वाहन नियमही १९८९ चेच. (ज्या मुक्त विद्यालयाच्या पाठ्यपुस्तकात आपण हा पाठ वाचत आहात, त्याची स्थापनाही त्याच वर्षीची आहे.) कायद्याच्या मराठीत लायसन्सला ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात, परंतु हा शब्द कार्यालयाच्या पाटीपलीकडे फारसा गेला नाही. म्हणून येथे लोकांच्या तोंडी असलेला ‘लायसन्स’ हाच शब्द वापरला आहे.

आधी शिकाऊ लायसन्स मिळते. त्यासाठी वाहतुकीची चिन्हे, रस्त्याचे नियम, अपघात घडल्यास चालकाची कर्तव्ये, सोबत बाळगावयाची कागदपत्रे यांवर प्रश्न विचारले जातात. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि ते मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. या चाचणीत काय पाहावे, हे नियमांत तपशिलाने दिले आहे : गाडीत बसल्यावर आरसा नीट करणे, सुरक्षितपणे गाडी हलवणे, गिअर वर-खाली बदलणे, वळणे योग्य रीतीने घेणे, खुणा देणे व इतरांच्या खुणा ओळखणे, अरुंद जागेत गाडी मागे घेणे, पुढे-मागे करून गाडी उलट दिशेला वळवणे, गरज पडल्यास ती चटकन थांबवणे. चाचणी उत्तीर्ण न झाल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते. मात्र तीन वेळा अपयश आले, तर शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने यात एक अट जोडली. अशा उमेदवाराने मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेत सुधारणात्मक प्रशिक्षण पूर्ण केले पाहिजे, ही ती अट होय.

ही अट काहींना शिक्षेसारखी वाटते. तीमागचा विचार समजून घेण्यासाठी दिल्लीत झालेल्या एका अभ्यासाकडे वळावे लागेल. मारियान बर्ट्रांड, सिमेऑन जँकॉव्ह, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लइनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी लायसन्स काढू पाहणाऱ्या ८२२ व्यक्तींचा मागोवा घेतला. त्यांचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. काही उमेदवारांना, लायसन्स लवकर मिळवल्यास बक्षीस देऊ, असे सांगण्यात आले. काहींना गाडी चालवण्याचे धडे विनामूल्य देण्यात आले. उरलेल्यांना त्यांच्या मार्गाने जाऊ दिले. लायसन्स हाती आल्यावर अभ्यासकांनी या सर्वांची अनपेक्षितपणे स्वतंत्र चाचणी घेतली. ज्यांना लायसन्स मिळाले होते, त्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी सरकारी चाचणी दिलीच नव्हती आणि सुमारे ६२ टक्के लोकांना लायसन्स मिळाले तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. मधल्या दलालाला पैसे दिले की मैदानावर उतरण्याची गरजच उरत नव्हती.

या आकड्यांच्या प्रकाशात मैदानावर अनुत्तीर्ण झालेल्या माणसाकडे पाहावे. त्याची निदान खरी परीक्षा झाली. कोणीतरी त्याचे चालवणे पाहिले आणि त्यात उणीव आहे असे सांगितले. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. या मृत्यूंची कारणे अनेक आहेत. रस्ते, वेग, मद्यपान, शिरस्त्राणाचा अभाव, सारे त्यात येते. पण न शिकता रस्त्यावर आलेला चालक हे त्यांतील एक कारण आहे, हे नाकारता येणार नाही. ‘एवढे पैसे देऊन टाका, कशाला पुन्हा रांगेत उभे राहता?’ असा सल्ला देणारा हितचिंतक प्रत्येकाच्या ओळखीत असतो. अपयश आलेल्या दिवशी तो सल्ला फार गोड वाटतो आणि त्याच दिवशी तो घातकही असतो, कारण नेमके काय येत नाही हे नुकतेच कळलेले असते आणि तेच झाकून टाकण्याची वाट तो दाखवत असतो.

मग अपयश वाचायचे कसे? सामान्यतः चाचणीत चुकणारा माणूस तीनपैकी एका ठिकाणी चुकतो. कोणाला नियम ठाऊक नसतो. कोणाला नियम ठाऊक असतो, पण समोर घडणारी गोष्ट वेळेवर दिसत नाही. आणि कोणाला दोन्ही कळते, पण हातपाय ऐकत नाहीत. या तीन उणिवांवरची औषधे निरनिराळी आहेत. पडद्यावरचे शिक्षण पहिलीवर उत्तम चालते, दुसरीवर बऱ्यापैकी चालते आणि तिसरीवर फार थोडे.

नियमांच्या बाबतीत फार लिहिण्याची आवश्यकता नाही. २०२१ पासून महाराष्ट्रासह अनेक राज्यांत आधार क्रमांकाच्या साहाय्याने शिकाऊ लायसन्सची चाचणी घरबसल्या देता येऊ लागली. परिवहन मंत्रालयाच्या ज्या संकेतस्थळावर ही सोय आहे, त्याचे नाव ‘सारथी’. चिन्हे आणि नियम हा पाठांतराचा व समजुतीचा विषय आहे आणि तो मोबाइलवर रोज पंधरा मिनिटे दिली तरी येतो. इंदूर, वडोदरा वा हैदराबाद येथील मराठी भाषकाला प्रश्नपत्रिका मराठीत मिळेलच असे नाही; मात्र चिन्हांना भाषा नसते. लाल कडेचा त्रिकोण धोक्याची सूचना देतो, वर्तुळातील चिन्ह आज्ञा देते, आयत माहिती देते. अष्टकोनी पाटी ‘थांबा’ सांगते, उलटा त्रिकोण ‘दुसऱ्याला आधी जाऊ द्या’ असे सांगतो. एवढे आकार लक्षात राहिले, तरी अपरिचित चिन्हाचाही निम्मा अर्थ लागतो.

एक गोष्ट येथे आवर्जून सांगावीशी वाटते. जे लोक पंधरा-वीस वर्षे लायसन्सशिवाय गावात दुचाकी वा ट्रॅक्टर चालवत आले आहेत, त्यांना नियम शिकण्याची गरजच वाटत नाही आणि अनेकदा तेच चाचणीत अडखळतात. हात बसलेला असतो. पण वळण्यापूर्वी खूण देण्याची, आरशात पाहण्याची सवय कधी लागलेलीच नसते. घाटात चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने आधी वाट द्यावयाची असते, हे ठाऊक नसलेले कसलेले चालक कमी नाहीत. अशा माणसाला नव्याने गाडी शिकवावी लागत नाही, जुनी सवय मात्र मोडावी लागते. आणि नवीन शिकण्यापेक्षा ते अवघड काम आहे.

आता दुसरी उणीव, म्हणजे पाहण्याची. गाडी चालवणे हे निम्म्याहून अधिक पाहण्याचे काम आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते, ६० च्या वेगाने सुमारे १७ मीटर. संकट दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो असे धरले, तर एवढे अंतर गाडीने काही न करताच कापलेले असते. त्यानंतर ब्रेक लागल्यावरचे अंतर वेगळे. आणि वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होते. म्हणून निष्णात चालक संकट दिसण्याची वाट पाहत नाही. ते कोठून येईल याचा अंदाज तो आधीच बांधतो. थांबलेल्या बसच्या पुढून माणूस येऊ शकतो. गल्लीतून चेंडू आला, तर त्यामागून मूल येईल. उभ्या मोटारीचे पुढचे चाक किंचित वळलेले दिसले, तर ती निघण्याच्या बेतात आहे.

हे अंदाज बांधणे पडद्यावर शिकवता येते, याला बऱ्यापैकी आधार आहे. ब्रिटनमध्ये लेखी चाचणीबरोबर २००२ पासून चित्रफितींवर आधारलेली एक परीक्षा घेतली जाते. उमेदवाराला रस्त्याची दृश्ये दाखवतात आणि संकट आकार घेऊ लागताच त्याने बटण दाबावयाचे असते. जितके लवकर, तितके गुण अधिक. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी संगणकावरचा एक छोटा पाठ तयार केला. तो घेतलेले नवशिके चालक पुढे रस्त्यावर धोक्याच्या जागांकडे अधिक वेळा नजर टाकतात, असे त्यांना आढळले. मात्र त्याच पाठाचा कॅलिफोर्नियातील हजारो तरुण चालकांवर प्रयोग झाला, तेव्हा मुलांमधील अपघात कमी झालेले दिसले, मुलींमध्ये तसा फरक दिसला नाही. तेव्हा नजर तयार होते हे खरे. तिचा सर्वांना सारखाच लाभ होतो, असे आज तरी म्हणता येत नाही.

हा सराव करण्यासाठी महागडा अभ्यासक्रम विकत घेतलाच पाहिजे असे नाही. आपल्याच शहरातील रस्त्यावर चित्रित केलेली कोणतीही चित्रफीत लावावी, दहा सेकंदांनी ती थांबवावी आणि स्वतःला विचारावे : आता पुढे काय घडेल? मग पुढे चालवून उत्तर पडताळावे. एक काळजी मात्र घ्यावी. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान येथेही तसेच आहे. पण अमेरिका आणि युरोपातील बहुतेक देशांत ती उजवीकडून जातात. इंटरनेटवर सहज सापडणाऱ्या उत्तम चित्रफितींपैकी पुष्कळशा अमेरिकेतील असतात आणि त्या पाहून पाहून नवशिक्याच्या डोक्यात वळणाची दिशाच उलटी बसते.

याहून चांगली पाठशाळा म्हणजे बसमधील चालकामागचे आसन. तेथे बसून मनातल्या मनात रस्ता वाचत जावे. ‘डावीकडे रिक्षा थांबते आहे, उतारू उजव्या बाजूने उतरेल, समोर सायकलस्वार मागे न पाहता वळणार, सिग्नल बराच वेळ हिरवा आहे, आता पिवळा होईल.’ चालकही त्याच क्षणी वेग कमी करतो का, हे पाहावे. तो कमी करीत नसेल, तर त्याने आपल्याला न दिसलेले काही पाहिले असेल, किंवा आपल्याला दिसले ते त्याला दिसले नसेल. दोन्ही शक्यता शिकण्यासारख्या आहेत.

तिसरी उणीव हातापायांची. बहुसंख्य प्रौढ येथेच अडतात आणि पडद्याची मर्यादाही येथेच कळते. चढावर गाडी का बंद पडते ते पाहू. इंजिन सतत फिरत असते आणि चाके स्थिर असतात. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे क्लच. त्यात दोन तबकड्या आहेत अशी कल्पना करावी : एक इंजिनाबरोबर फिरणारी, दुसरी चाकांशी जोडलेली. क्लचचा पायटा पूर्ण दाबला की तबकड्या अलग होतात. सोडला की घट्ट चिकटतात. पायटा एकदम सोडला, तर स्थिर उभ्या असलेल्या जड गाडीचा सारा भार हलक्या गतीने फिरणाऱ्या इंजिनावर अचानक पडतो आणि ते थांबते. गाडीला झटका बसतो, मागचा माणूस भोंगा वाजवतो आणि शिकणाऱ्याचा धीर सुटतो. या दोन टोकांच्या मध्ये एक जागा असते. तेथे तबकड्या एकमेकींना नुसत्या घासतात आणि इंजिनाची गती चाकांना हळूहळू मिळते. मोटार शिकवणारे या स्थितीला ‘हाफ क्लच’ म्हणतात आणि सारी गोम तेथेच आहे.

हे वर्णन वाचून किंवा त्याची सुंदर चलच्चित्रे पाहून क्लच समजतो, हे खरे. असे समजणे निरुपयोगीही नाही. झटका का बसला हे ज्याला कळते, तो घाबरण्याऐवजी पाय जरा सावकाश उचलतो. परंतु ती जागा नेमकी कोठे आहे, हे केवळ डाव्या पायाच्या तळव्याला कळते आणि प्रत्येक गाडीत ती निराळी असते. त्यासाठी एकच उपाय आहे. मोकळ्या, सपाट जागेत, सोबत जाणकाराला बसवून, ॲक्सिलरेटरला स्पर्श न करता पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी सावकाश सोडावा. इंजिनाचा आवाज किंचित खाली येतो, गाडीचे नाक थोडे उचलल्यासारखे वाटते, अंगाला बारीक थरथर जाणवते. तेथे पाय थांबवावा. पुन्हा पूर्ण दाबावा. पुन्हा त्याच जागी आणावा. हे तीस-चाळीस वेळा केले, की पाय ती जागा विसरत नाही. मग चढावर हँडब्रेक ओढून हीच कृती करावी. आवाज खाली आला, नाक उचलले की ॲक्सिलरेटरवर थोडा दाब देत हँडब्रेक सोडावा. गाडी मागे घसरत नाही. आज अनेकजण आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या घेतात आणि त्यांना या सगळ्याची गरज पडत नाही, ही गोष्ट वेगळी.

गाडी मागे घेणे ही दुसरी अडचण. केरळात इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराच्या मार्गावर मोटार मागे-पुढे करून दाखवावी लागते, हे प्रसिद्धच आहे; इतरत्रही अशा प्रकारची कसोटी असतेच. येथे गोंधळ हातांचा नसतो, दिशेचा असतो. त्यामुळे घरच्या घरी त्यावर बरेच काम करता येते. टेबलावर खडूने तो आकार काढावा आणि आगपेटी किंवा खेळण्यातील मोटार त्यावरून मागे सरकवावी. दोन गोष्टी लगेच ध्यानात येतात. गाडीचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा, त्याच बाजूला सुकाणू फिरवावे लागते. आणि मागचा भाग आत जात असताना पुढचा भाग उलट बाजूला मोठे वर्तूळ घेत बाहेर झुकतो. नवशिक्याचे लक्ष मागच्या खांबाकडे असते आणि पुढचा कोपरा दुसऱ्या खांबाला लागतो, तो यामुळेच. आगपेटीने दहा वेळा हा प्रवास केलेल्या माणसाला मैदानावर आरशात काय पाहावयाचे ते आधीच ठाऊक असते. दुचाकीच्या ‘आठ’च्या आकड्याला मात्र हा उपाय नाही. तेथे नजर पुढच्या चाकापाशी न ठेवता वळणाच्या पुढच्या टोकाकडे ठेवावी आणि वेग बेताचा राखावा, एवढेच सांगता येते. बाकी तोल शरीराने शिकावयाचा.

सराव कोणाबरोबर करावा, याविषयीही थोडे लिहिले पाहिजे. शिकाऊ लायसन्सवर मोटार चालवताना शेजारी लायसन्स असलेली, गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेली जाणती व्यक्ती असणे बंधनकारक आहे. आणि गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ अक्षर. वाहनप्रशिक्षण शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही वेगळा ब्रेक व क्लच असतो. घरच्या गाडीत तो नसतो. शिवाय घरच्या गाडीत शेजारी बहुधा पती, भाऊ किंवा मुलगा असतो आणि त्याला शिकवण्यापेक्षा ओरडणेच अधिक येते. महाभारतात कर्णाच्या रथावर शल्य सारथी होता. रणांगणावर तो कर्णाला सतत हिणवत राहिला. सारथ्यकलेत त्याची बरोबरी करणारे फारसे कोणी नव्हते. तरीही शेजारी बसवण्यासाठी तो योग्य माणूस नव्हता. पहिल्या चाचणीत अपयश आलेल्या प्रौढ स्त्रीने, जमत असेल तर, दुसऱ्या वेळी घरच्या शल्याऐवजी प्रशिक्षण शाळेतील शिक्षकाकडे काही तास घ्यावेत, असे मला वाटते. खर्च होतो, पण एका तासात एकच गोष्ट मागून घेता येते, ‘मला आज फक्त चढावर गाडी उचलण्याचा सराव हवा आहे’ असे सांगता येते. असे नेमके मागता येणे हाच पहिल्या अपयशाचा फायदा आहे.

ऑनलाइन अभ्यासक्रम निवडताना कायद्याची चौकटही लक्षात ठेवावी लागते. २०२१ च्या जुलैपासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांत हलक्या मोटारीचा अभ्यासक्रम जास्तीत जास्त चार आठवड्यांत पूर्ण होणारा, २९ तासांचा आहे. त्यांतील ८ तास वर्गातील शिक्षणाचे आणि २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे : साधा रस्ता, ग्रामीण रस्ता, महामार्ग, शहर, गाडी मागे घेणे व उभी करणे, चढ-उतार. या विभागणीकडे नीट पाहावे. शासनाच्या तज्ज्ञांनीही फळा आणि पडदा यांना तीन भागांहून थोडा कमी वाटा दिला आहे, चाकाला सात भागांहून अधिक. या केंद्रांत अभिरूपक यंत्रे, म्हणजे गाडीचा आभास देणारी साधने असतात आणि चाचणीचा खास मार्गही असतो. तेथील अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्याला परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट मिळते. गल्लीतल्या साध्या वाहनप्रशिक्षण शाळेच्या प्रमाणपत्राला ही सूट नाही, मग जाहिरात काहीही म्हणो. आणि केवळ पडद्यावर पाहून मिळालेले प्रमाणपत्र तर तीन अपयशांनंतरच्या सुधारणात्मक प्रशिक्षणाची जागा घेऊच शकत नाही. ‘उत्तीर्ण होण्याची हमी’ असे शब्द जेथे छापलेले दिसतील, तेथे हमी कोण देणार आणि कशाच्या बळावर, असा प्रश्न विचारावा. परीक्षा घेणारा तो नाही, आणि क्लचवरचा पायही त्याचा नाही.

बऱ्याच शहरांत आता चाचणीचे मार्ग स्वयंचलित झाले आहेत. चाक रेषेला लागले की नाही, गाडी किती वेळा थांबली, याची नोंद संवेदक आणि कॅमेरे घेतात. निरीक्षकाच्या मर्जीला किंवा दलालाच्या ओळखीला तेथे वाव कमी. त्याचबरोबर यंत्र वय पाहत नाही आणि ‘एकदा परत करा’ असेही म्हणत नाही. अशा मार्गाची आखणी आधी पाहून ठेवणे फार उपयोगी पडते. चाचणीच्या आधी एक दिवस जाऊन कुंपणाबाहेरून अर्धा तास इतरांच्या चाचण्या पाहाव्यात. कोणत्या वळणावर सर्वाधिक गाड्या अडतात, हे तेवढ्यात कळते. अनुत्तीर्ण झाल्यास ‘मी कोठे चुकलो?’ हे त्याच वेळी, शांतपणे विचारून घ्यावे आणि त्याच दिवशी लिहून ठेवावे. आठवडाभरानंतर आठवण अपमानाची राहते, चुकीची राहत नाही.

राहता राहिला दिवसांचा हिशेब. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर पहिले तीस दिवस सरावाचे. पहिली चाचणी चुकली, तर किमान सात दिवस; दुसरी चुकली, तर पुन्हा सात. तिसरीही चुकली, तर साठ दिवस आणि त्या काळात सुधारणात्मक प्रशिक्षण. हे सारे लागोपाठ घडले तरी सुमारे साडेतीन महिने जातात आणि चाचणीची तारीख कोणत्याही कार्यालयात लगेच मिळत नाही. सहा महिन्यांची मुदत तोवर संपत आलेली असते. ती संपली की शिकाऊ लायसन्स नव्याने काढावे लागते. फेरचाचणीचे शुल्कही दर वेळी भरावे लागते. म्हणून पहिल्या चाचणीची तारीख मुदतीच्या शेवटी न घेता दुसऱ्या महिन्यातच घ्यावी. पहिले अपयश आल्यावर सातव्या दिवशी पुन्हा मैदानावर धावत जाण्याची मात्र गरज नाही. जी गोष्ट चुकली तिचा दोन-तीन आठवडे सराव करून मग तारीख मागितली, तरी मुदतीत पुरेसे दिवस शिल्लक राहतात.